बर्गनमधल्या अनोळखी मंडळींचे आभार

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये पाऊस नसता तरच नवल. सोबत आई, तिचे गुडघे दुखरे. ब्रिगन या बंदराकाठच्या जुन्या वस्तीतल्या लाकडी बोळांतल्या फळ्या ओल्या आणि निसरड्या. तिथे एका आजोबांनी आपणहून आईचा हात धरला, तो बोळ संपेपर्यंत सोडला नाही. वर माळ्यावर माल चढवायची तुळईही दाखवली. उत्तरेकडून येणारा सुकवलेला कॉड मासा हान्सा या जुन्या जर्मन व्यापारी संघाचे व्यापारी इथेच साठवायचे. १७०२च्या आगीनंतर ही वस्ती जुन्याच धाटणीने पुन्हा बांधली. १९७९पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. सुक्या मासळीचा विषय निघाल्यावर आईची कळी खुलली. मूळची मालवणची ना!

फ्लोयेन डोंगरावर जाणाऱ्या, १९१८पासून धावणाऱ्या फ्युनिक्युलरमध्ये (दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेत) आईला खिडकीची जागा देणारी मुलगी, आणि वर ३२० मीटरवर धुकं हटेपर्यंत आमच्यावर छत्री धरून उभं राहिलेलं जोडपं (स्वतः मात्र चिंब!), तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आणि आजोबा, कधी कोकणात आलात तर आईच्या हातची सुक्या बांगड्याची किसमूर नक्की.