रक्तात नाही गं, वस्तीत आहे

शिकागो

प्रिय सुनीता,

तुझं पत्र मिळालं. ‘काळ्या लोकांच्या रक्तातच बीपी असतं का गं?’ असं तू विचारलंयस. तू मेडिकलच्या मुलांना शिकवतेस, म्हणून नीट लिहिते.

आजार आहे, हे खरंच. इथे अमेरिकेत निम्म्याहून जास्त काळ्या प्रौढांना बीपी आहे. कार्डिया नावाच्या अभ्यासात 1985-86 साली 18 ते 30 वयाची 5,115 काळी-गोरी मुलंमुली घेतली होती. वीस वर्षांत त्यातल्या 27 जणांचं हार्ट फेल झालं आणि त्यातले 26 काळे होते! सरासरी वय 39. आमच्या वॉर्डात अशा वयाचा माणूस आला की बाहेर त्याची शाळकरी पोरं बसलेली असतात. मला अजून त्यांच्याकडे बघवत नाही.

पण रक्ताचं म्हणशील, तर रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 1997 चं काम वाच. त्यांनी तपासलेल्या सगळ्यांचं मूळ एकच, पश्चिम आफ्रिकेचं. तिथे राहणाऱ्यांत बीपी 16 टक्के, कॅरिबियन बेटांवर 26 आणि इथे शिकागोजवळच्या मेवुडमध्ये 33. एकाच मुळाची माणसं, गाव बदललं की आकडा दुप्पट. रक्ताला दोष कसा द्यायचा?

वस्त्या मात्र मुद्दाम घडवलेल्या आहेत. 1930 च्या दशकात सरकारी खात्यानं शहरांचे नकाशे रंगवले, काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. तिथल्या घरांच्या कर्जाला सरकार हमी देईना. 1968 च्या कायद्यानं घरांच्या बाबतीतला हा भेदभाव बेकायदा ठरला, पण तोवर दोन पिढ्यांकडे ना घर झालं ना शिल्लक. आमच्याकडचा काळ्यांचा एंगलवुड भाग बघ. 2016 मध्ये तिथे मोठं सुपरमार्केट आलं तेव्हा केवढं कौतुक झालं, आणि 2022 मध्ये ते बंदही झालं. डिस्चार्जच्या कागदावर आम्ही ‘ताजी भाजी खा, संध्याकाळी चाला’ असं छापून देतो. जिथे संध्याकाळी गोळीबाराची भीती असते, तिथे बाई चालणार कुठे? आणि रात्री गाढ झोप तरी कशी लागावी? 2019 च्या एका पाहणीत एंगलवुडचं सरासरी आयुष्य 60 वर्षं निघालं, तर याच शहरातल्या गोऱ्या, श्रीमंत स्ट्रीटरव्हिलचं 90. तीस वर्षं, सुनीता! मला याचा राग येतो आणि तो यायलाच हवा असं वाटतं.

वस्ती बदलली तर फरक पडतो, हेही दिसलंय. कार्डियामधलेच जे काळे लोक काळे-गोरे जास्त मिसळून राहतात अशा वस्तीत राहायला गेले, त्यांचं वरचं बीपी उतरलं; 2017 साली ते छापून आलं. पण सगळ्यांनी घर सोडून जायचं का? म्हणून मला लॉस एंजेलिसचं काम जास्त आवडतं. रोनाल्ड व्हिक्टर या डॉक्टरांनी काळ्यांच्या 52 सलूनमध्ये फार्मासिस्ट पाठवले. ओळखीच्या न्हाव्याच्या दुकानात बीपी बघायचं आणि औषधही तिथेच ठरवायचं. सहा महिन्यांत वरचं बीपी 27 नं उतरलं. नुसतं ‘डॉक्टरकडे जा’ सांगितलेल्यांचं 9 नं.

तुझ्या मुलांना कूपर यांचे तीन आकडे फळ्यावर लिहून दे आणि कारण त्यांनाच शोधू दे. ती काय म्हणाली ते मला सविस्तर कळव. काकूंना नमस्कार.

तुझी,
माधवी