भीती छापलीत, आता उरलेली माहितीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पानावरचा रक्त पातळ करणाऱ्या जोडगोळीबद्दलचा लेख वाचला. काल गप्प बसले. आज सकाळी मात्र गप्प राहवेना, कारण आमच्या चुलत सासऱ्यांनी तुमचा लेख वाचून गोळीच सोडली आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय. मी दूध द्यायला गेले तर काका पेपर पुढ्यात घेऊन बसलेले. म्हणाले, "पेपरात आलंय बघ, ह्या गोळीनं मेंदूत रक्त होतंय म्हणून. कालपासनं सोडली बघ."

मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हे खोटे नाही. क्वचित होतो, पण होतो. मग ही गोळी देतात कशाला, हे लेखात कुठे आहे? स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी तारेची बारीक जाळी. नव्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन औषधे एकत्र देतात, तीच ही जोडगोळी. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर, नक्की किती ते डॉक्टर ठरवतात. मुदतीआधी आपल्याच मनाने बंद केली तर त्या जाळीतच गुठळी होऊन मोठा झटका येऊ शकतो, माणूस हाताला लागत नाही. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका" हे एक वाक्य अर्ध्या पानाच्या लेखात मला सापडले नाही. दोनदा वाचला.

गोळीची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. तिचे दुष्परिणाम आमच्या घराने भोगलेत, म्हणूनच राग जास्त येतो.

माझे सासरे, सत्तरीच्या पुढचे, येळ्ळूरच्या शिवारात आयुष्य गेलेले. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर शहरातल्या एका दवाखान्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे असाच स्टेंट बसवला. घरी सोडताना ती जोडगोळी दिली, दोन्ही औषधे पंच्याहत्तर पंच्याहत्तर मिलिग्रॅमची. कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी. मी सगळे कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची आणि सकाळ-रात्र मोजून हातावर द्यायची. दोन महिन्यांनी तपासणीला नेले तेव्हा पहिले डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्यांनी पाहिले, एक कॅप्सूल लिहून दिली आणि रोज रात्री एक द्या म्हणाले. आधीची कुठली बंद करायची ते त्यांनी सांगितले नाही, आणि विचारायला हवे हे मला सुचले नाही. कॅप्सूलचे नाव वेगळे, रंग वेगळा, कंपनी वेगळी. मला वाटले नवीन औषध वाढवले.

त्या एका कॅप्सूलमध्ये तीन औषधे होती. कोलेस्टेरॉलचे एक, आणि तीच ॲस्पिरिन व तेच क्लोपिडोग्रेल. म्हणजे मी माझ्या हाताने मामंजींना रोज दुप्पट औषध देत होते. जवळजवळ तीन आठवडे.

सुगीचे दिवस होते. मामंजी नको म्हटले तरी शेतावर जायचे. भाताच्या पातीने हाताला ओरखडे उठतात, ते सगळ्यांनाच उठतात. त्यांच्या हातावर मात्र जांभळे, रुपयाएवढे डाग पडायला लागले. मला वाटले कुठे आपटले असतील. सलूनमध्ये दाढी करताना जरासे कापले तर तुरटी लावूनही रक्त थांबेना, टॉवेल भिजला. सकाळी दात घासताना थुंकीत लाल यायचे. त्यात कंबर धरली म्हणून त्यांनी गावातल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. डायक्लोफिनॅक. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले असते, पण चिठ्ठी कोण मागतो?

मग एके दिवशी मामंजी म्हणाले, "पोरी, परसाकडला काळं काळं होतंय गं." मी म्हटले, तुमच्या लोहाच्या गोळीने होतंय मामंजी, काळजी करू नका. लोहाच्या गोळीने काळे होतेच, आम्हा बायकांना ते माहीत असते. हे काळे वेगळे असते हे मला कोणी सांगितले नव्हते. डांबरासारखे, चिकट, पाणी ओतले तरी न निघणारे, आणि वास असा की संडासाबाहेर उभे राहवत नाही. जठरात रक्त सांडते आणि पोटातून खाली येईपर्यंत काळे होते. चौथ्या दिवशी मामंजी खळ्यावर चक्कर येऊन बसले, त्यांना उठताच येईना. दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन सहाच्या जवळ. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या, दुर्बीण घालून पाहिले तर जठरात जखम.

वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सगळी औषधे आणायला सांगितली. मी डबाच उचलून नेला. जोडगोळीची पट्टी दुकानदाराने दहातल्या सहा गोळ्या कापून दिलेली, त्यामुळे नाव अर्धेच उरलेले. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. मोठ्या अक्षरातली नावे वेगळी. खाली मुंगीएवढ्या अक्षरात मात्र तेच दोन शब्द. बाई मला काही बोलल्या नाहीत. तो गप्पपणा मला अजून आठवतो.

त्यांनीच समजावले. रक्त काही पाण्यासारखे पातळ होत नाही. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटतात म्हणून जखम बंद होते, ही दोन औषधे दोन वेगवेगळ्या वाटांनी त्यांचे चिकटणे थांबवतात. बिंबिका सात ते दहा दिवस जगते, आणि एकदा औषध लागले की तेवढे दिवस ती निकामीच. म्हणून आज गोळी थांबवली तरी रक्त वाहायचे उद्या लगेच थांबत नाही. ॲस्पिरिन शिवाय जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करते. त्यावर दुखण्याची गोळी घेतली की दोन्हीकडून मार.

एवढे सगळे होऊनही मामंजींची गोळी कायमची बंद केली नाही, हे मला तुमच्या वाचकांना सांगायचे आहे. हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवले, जादाचे काढले, जठरासाठी पँटोप्राझोल सुरू केले. तुमच्या लेखात "पित्ताची गोळी सोबत घ्यावी" एवढेच आहे. कुठली? आमच्याकडे पित्त म्हटले की दुकानदार ओमेप्राझोल काढून देतो. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाचे होते आणि ओमेप्राझोल नेमके तिथेच आडवे येते. पँटोप्राझोलचा तो त्रास कमी. डॉक्टरांना विचारून घ्या, एवढे तरी लिहायचे होते.

आणि पालेभाज्यांचे काय लिहिले आहे? "हिरव्या पालेभाज्या टाळाव्यात." ते वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही रक्त गोठू न देणारी वेगळी औषधे घेणाऱ्यांसाठी असते. ती औषधे पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध चालतात, ती घेणाऱ्यांना वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठते ते, तपासावे लागते, आणि त्यांनीही भाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा मेथी-शेपूशी काही संबंध नाही. काकूंनी काल शेपूची जुडी शेजारी देऊन टाकली. ऐन थंडीत, शिवारातली ताजी भाजी.

आता जरा कडू बोलते. मामंजींना घरी सोडताना सूचनांचा एक कागद दिला होता. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नडशी माझे भांडण नाही, माझी मुले कन्नड छान वाचतात. पण १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले तेव्हा मामंजी नुकतेच मराठी शाळेत जाऊ लागले होते, आणि सातवीपर्यंत मराठीतच शिकले. येळ्ळूर, कडोली, खानापूरच्या बाजूला अशी म्हातारी माणसे घरोघरी आहेत. काळी शी झाली तर ताबडतोब या, हे त्या कागदावर होते. नंतर मुलीने वाचून दाखवले. ज्याच्या जिवाचा प्रश्न त्यालाच ते वाचता येत नव्हते. त्या माणसांसाठी मराठी पेपर हाच एक कागद उरतो. म्हणून तुमच्या चुकीचे मोल इतरांच्या चुकीपेक्षा जास्त आहे.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या खालीच, "ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज मोकळे, हृदयाच्या गोळ्यांपासून सुटका" अशी चूर्णाची जाहिरात आहे, फोन नंबरासकट. वर गोळीची भीती आणि खाली चूर्ण. काकांनी त्या नंबराला पेनाने गोल केला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हृदयविकार बरा करतो अशा जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा तुमच्या जाहिरात विभागाला माहीत नसेल असे मी मानत नाही.

माझी मागणी एवढीच, की येत्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात मराठीत छापा: गोळी आपल्या मनाने बंद करू नका. नवीन चिठ्ठी मिळाली की जुन्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवून कुठली बंद करायची ते विचारा. दुखण्याची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. दात काढायला गेलात तर आधी ही गोळी चालू आहे म्हणून सांगा. डांबरासारखी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लाल लघवी, अचानक असह्य डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि भाजीबद्दलची चूक दुरुस्त करा.

काकांच्या डॉक्टरांना मी त्यांच्या ओट्यावरूनच फोन लावला. एकच दिवस चुकला आहे, आजची लगेच द्या म्हणाले. काकांनी माझ्यासमोर गोळी घेतली. तुमच्या त्या लेखाने आणखी किती घरांत पट्ट्या कोनाड्यात पडल्या असतील आणि तिथे आज कोणी दूध घेऊन गेले असेल का, या विचाराने मला दुपारचे जेवण गेले नाही.

कळावे,
एक वाचक, येळ्ळूर, ता. बेळगाव
(नाव आपल्या कार्यालयाला कळवले आहे, कृपया छापू नये.)