पिलांच्या भुकेचा मुहूर्त

पुणे

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. रानातल्या जिवांना विणीची वेळ कशी कळते, आणि ऋतूच बदलू लागले तर त्यांनी काय करायचे, हा तुझा प्रश्न वाचल्यापासून मनात घोळतो आहे. अलीकडे माझे बरेचसे वाचन याच विषयाभोवती चालले असल्यामुळे सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर सांभाळून घे.

खाणे मुबलक झाले की प्राणी विणीला लागत असावेत, असे तू धरून चालला आहेस. पण तेव्हा सुरुवात केली तर फार उशीर झालेला असतो. ग्रेट टिट नावाचा युरोपातला पक्षी घे. आपल्या वल्गुलीचा हा जवळचा नातलग. काळे डोके, पांढरे गाल आणि पिवळ्या पोटावरून उतरणारा काळा पट्टा. ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या जंगलात लाकडी पेट्या टांगून डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली त्याचा अभ्यास सुरू केला, आणि तो आजतागायत चालू आहे. मादी रोज एक याप्रमाणे आठ-नऊ अंडी घालते, पुढे सुमारे तेरा दिवस ती उबवते, आणि पिले आणखी आठ-दहा दिवसांची झाली की त्यांची भूक शिगेला पोहोचते. म्हणजे पहिले अंडे घालताना मादीला महिनाभर पुढची गोष्ट ठरवायची असते, तीही ओकच्या झाडांवर अजून पान नसताना.

आता ज्या खाण्यासाठी ही सगळी तयारी, त्याकडे पाहा. विंटर मॉथ या पतंगाच्या मादीला उडण्याजोगे पंखच नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत ती जमिनीतून बाहेर येते, खोडावरून चालत वर चढते आणि फांद्यांवर, कळ्यांच्या आसपास अंडी घालून मरते. वसंतात कळ्या उमलता उमलता त्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. पान फुटण्याआधी निघालेली अळी थोड्याच दिवसांत उपाशी मरते; उशिरा निघालेलीला पाने जून आणि टॅनिनमुळे कडवट झालेली मिळतात. वाढ पुरी झाली की अळ्या रेशमाच्या धाग्याने खाली उतरून मातीत कोष करतात, आणि एवढे मोठे ताट दोन-तीन आठवड्यांत उचलले जाते. पिलांची भूक नेमकी त्याच दिवसांत पडली तरच घरटे भरभरून उठते.

मग पक्षिणी अंदाज बांधते तरी कशावरून? पहिली खूण दिवसाच्या लांबीची. कॅनडात एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२४ च्या सुमारास जुन्को पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर कडाक्याचा हिवाळा होता, तरीही त्या नरांची वृषणे वसंतातल्यासारखी वाढली. पाखरांना हा उजेड केवळ डोळ्यांनीच कळतो असे नाही. कवटीतून आत झिरपणारा उजेड टिपणाऱ्या पेशी त्यांच्या मेंदूतच असतात, हे पुढे सिद्ध झाले. सूर्याची ही खूण वर्षानुवर्षे तसूभरही चुकत नाही, परंतु यंदाचा वसंत लवकर आहे की उशिरा, हे ती सांगू शकत नाही. म्हणून उजेडाने शरीर तयार होते, आणि नेमका दिवस मादी त्या वर्षीच्या उबेवरून ठरवते.

आपल्याकडे हिशेब थोडा वेगळा पडतो. ऑक्सफर्डला वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळजवळ नऊ तासांचा फरक असतो. मुंबईत तो जेमतेम सव्वादोन तासांचा. दिवस मोठा झाल्याचे सुगरणीलाही कळते, पण तिचे खरे काम पावसावर अडलेले असते. नर गवताच्या किंवा शिंदीच्या पात्याला कडेला चोचीने खाच पाडतो, ते टोक धरून उडतो आणि लांबलचक पट्टी सोलून नेतो. विणायला ही पट्टी ओली आणि लवचीक हवी, शिवाय पिलांना भरवायला किडे हवेत. या दोन्ही गोष्टी पाऊसच देतो. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला याच पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे घरटे व दुसरी मादी पाहतो, ही त्याची रीत त्यांनी तेव्हा उलगडून दाखवली.

आता तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथेच वाटते. हवामान तापले तरी सूर्य आपली वेळ बदलत नाही. त्यामुळे ज्या खुणेवर प्राणी विसंबतो ती आणि ज्या खाण्यासाठी तो विसंबतो ते, यांची जुनी सोबत सुटू लागते. वायटममध्ये ग्रेट टिट सावरले. १९६१ पासून २००७ पर्यंत त्यांची अंडी घालण्याची तारीख सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आली आणि अळ्यांशी मेळ बराचसा टिकला. नेदरलँड्समधील होगे वेलुवे येथे मात्र त्याच जातीच्या पक्ष्यांची तारीख १९७३ ते १९९५ या काळात हलली नाही, आणि अळ्यांचा भर तेवढ्यात अलीकडे सरकला. तिथे ज्या दिवसांच्या उबेवरून मादी अंदाज बांधते ते दिवस फारसे तापले नाहीत. तापले ते त्यानंतरचे, अळ्या वाढण्याचे दिवस. तिने खूण बरोबर वाचली होती, पण त्या खुणेचा अर्थच बदलून गेला होता. या पक्षिणीला दोष कसा द्यायचा, सांग!

पाइड फ्लायकॅचरचे हाल याहून वाईट. हा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. तिथे बसून त्याला नेदरलँड्समधला वसंत कसा कळणार? तो तिथून निघतो दिवसाच्या लांबीवर. पोहोचल्यावर घाई करून अंडी थोडी लवकर घालतो, पण येण्याच्या आधी तर ती घालता येत नाहीत. जिथे अळ्यांचा भर सर्वांत लवकर येतो, तिथे दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तो आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

सस्तन प्राण्यांतही हाच भेद दिसतो. स्कॉटलंडच्या रम बेटावरील तांबड्या हरणांची वीण काही दशकांत अलीकडे सरकली आहे. रो हरणाचे तसे नाही. त्याचा माज जुलै-ऑगस्टमध्ये येतो, गर्भ धरतो, पण कित्येक महिने गर्भाशयात न रुजता थांबून राहतो आणि ऐन हिवाळ्यात वाढू लागतो, म्हणजे पाडस मे महिन्यात कोवळ्या चाऱ्यावर जन्मावे. हे सारे दिवसाच्या लांबीला बांधलेले आहे. फ्रान्समधील शांपेन भागात १९८५ ते २०११ या काळात वसंत अलीकडे आला, पण पाडसांच्या जन्माची तारीख जागची हलली नाही, आणि जगणाऱ्या पाडसांचे प्रमाण घटले. ज्याची व्यवस्था जितकी काटेकोर, तो आज तितका अडचणीत, असे मला हे वाचताना वाटले.

तरी एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे. होगे वेलुवेच्या ग्रेट टिटांचा मेळ चुकला, तरी त्यांची एकूण संख्या त्या मानाने ढासळली नाही. पिले कमी उडाली, परंतु जी उडाली त्यांना हिवाळ्यात खाण्यासाठी आपसांत कमी झगडावे लागले, म्हणून त्यांतली अधिक जगली. हा आधार किती ताण सोसेल, हे अळ्यांची आणि अंड्यांची तारीख आणखी किती फाकते यावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच त्या पेट्या दर वसंतात उघडून पाहणाऱ्यांचे काम मला फार मोलाचे वाटते.

तुमच्या तळ्याकाठच्या शिंदीवर सुगरणींची वसाहत आहे, असे तू लिहिले आहेस. पहिला जोरदार पाऊस कधी पडला आणि नराने पहिली पट्टी कधी नेली, एवढ्या दोनच तारखा वहीत टिपून ठेवशील का? पुढच्या पत्रात कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव