मुलाच्या जिवाची भरपाई हे उत्पन्न कसे?

महोदय,

निराधार वृद्धांना दरमहा मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या उत्पन्न मर्यादेचा फटका कुणाला बसतो, त्याचे कळव्यातले हे एक उदाहरण. आमच्या चाळीतल्या एका आजींचा अविवाहित मुलगा दुबईत बांधकामावर अपघातात गेला. तिथल्या कायद्याने मिळालेली रक्कम त्यांनी बँकेत एफडीत टाकली. यंदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेल्या, तेव्हा समोरच्या बाबूने पासबुक चाळून व्याजाच्या नोंदीवर बोट ठेवले. महिन्याचे दीड हजार बंद.

हिशेब करून पाहा. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे कामावरच्या मृत्यूची भरपाई २४ महिन्यांच्या मूळ पगाराइतकी, पण १८ हजार दिरहॅमपेक्षा कमी नाही. दिरहॅमचे २३ रुपये धरले तर ही किमान रक्कम ४ लाख १४ हजार होते. साडेसहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज २७ हजारांच्या जवळ. श्रावणबाळची मर्यादा मात्र अख्ख्या कुटुंबाला वर्षाला २१ हजार! म्हणजे पोरगा गमावून कायद्याने कमीत कमी जे मिळते, तेवढ्यानेही म्हातारी 'सधन' ठरते. लाडक्या बहिणीला हेच सरकार अडीच लाखांपर्यंत सूट देते, पण पासष्टी उलटली की ते दार बंद.

हा पेच नवा नाही. नाझी छळातून वाचलेल्यांना जर्मनीकडून मिळणारी भरपाई उत्पन्न धरून अमेरिकेत एका महिलेच्या 'एसएसआय' या गरिबांसाठीच्या मदतीवर गदा आली होती. १९८४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. पुढे १९९४ मध्ये कायदाच झाला, की उत्पन्न पाहून दिल्या जाणाऱ्या केंद्रीय योजनांत ही भरपाई मोजायची नाही. नोकरीचे साधे परदेशी पेन्शन तिथे आजही उत्पन्नात धरतात, आणि ते मला रास्त वाटते. ते कमाईतून आलेले असते. भरपाई ही गेलेल्याची किंमत असते, तीही अपुरीच.

सरसकट सूट द्या असे मी म्हणत नाही. अमिरातीच्या कायद्यात कमाल भरपाई दोन लाख दिरहॅम आहे, म्हणजे आपले ४६ लाख. एवढे मिळालेल्या घराला निराधार म्हणणे ही थट्टाच. पण आजींना रांगेतच एकाने सल्ला दिला, "पैसे भाच्याच्या नावावर करा, दाखला मिळून जाईल." हाताशी असलेली एकमेव पुंजी दुसऱ्याच्या हवाली करायला लावणारा नियम काय कामाचा?

अपघाती मृत्यूची भरपाई, देशातली असो वा परदेशातली, पाच लाखांपर्यंत व्याजासह उत्पन्नातून वगळावी आणि दाखल्याच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. ठाणे जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा. आखातात गेलेली माणसे त्यांच्याच मतदारसंघांतली आहेत.

– एक वाचक, कळवा (ठाणे)