उजव्या क्लिकमागील प्रशासकीय अधिकार

महोदय,

महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून आमच्या कार्यालयाचा संगणक दुरुस्त होऊन आला, तेव्हा कोणत्याही फोल्डरवर उजवी क्लिक केली की 'प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा' असा, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी वाढीव अधिकारांनी उघडण्याचा, पर्याय दिसू लागला. मात्र तो निवडल्यावर यंत्रणेत बदल होण्याआधी संमती विचारणारी विंडोजची चौकट येत नव्हती, कारण सोयीच्या नावाखाली ती बंद केलेली होती. पर्याय स्वतः उपयुक्तच आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदसंग्रहात) 'डिरेक्टरी'मधील 'शेल'खाली 'रनअ‍ॅज' ही नोंद ('की') तयार करून तिच्या 'कमांड'मध्ये आज्ञा लिहिली की ती वाढीव अधिकारांनी चालते, आणि अडकलेली छपाईची रांग मोकळी करण्यासाठी (आमच्याकडे हे नित्याचेच आहे) स्पूलर सेवा (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवून पुन्हा सुरू करणे त्यामुळे सोपे होते.

परंतु २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत आलेली ती चौकट काढली, तर प्रशासकाच्या खात्यातून उघडलेली घातक फाइलही कोणाला न विचारता यंत्रणेत बदल करू शकते. दुरुस्ती करणाऱ्यांनी असा पर्याय ग्राहकाला विचारूनच जोडावा, त्याआधी रजिस्ट्रीची प्रत काढून द्यावी, केलेला बदल बिलावर लिहावा आणि संमतीच्या चौकटीला हात लावू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक