बाबांच्या नावेबद्दल, दोघांनाही

मानेवाडा, नागपूर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, आधी तुझ्याशी बोलते. परवा फोनवर तू रागावलीस, की पोरगीच बापाला नाव करून द्यायला निघाली तर मी कोणाला अडवू. तुझा राग मला कळतो. बाबांचे गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि गोसीखुर्द धरणाचं पाणी आपल्या जुन्या वैनगंगेसारखं राहिलेलं नाही. पण तू कितीही अडवलंस तरी ते पहाटे उठून त्या जुन्या डोंग्यात जाऊन बसणार, हे तुलाही ठाऊक आहे. त्या डोंग्यात मासळीपेक्षा पाणीच जास्त असतं. बाबा जाणारच असतील, तर पाणी भरलं तरी तळाला जाणार नाही अशी नाव त्यांच्याखाली असावी, एवढ्यासाठी मी ही जुनी अॅल्युमिनियमची नाव दुरुस्त करतेय.

बाबा, आता तुमचे निरोप. धाकट्यानं दोन्ही सांगितले. मधला बाक काढ म्हणजे जाळं ठेवायला जागा होईल, आणि तो फोम काढ म्हणजे तिथं मासळी ठेवता येईल. तुमचं मन मोडायला मला आवडत नाही, पण या दोन्ही गोष्टी मी करणार नाही.

बाकाचं कारण सोपं आहे. नाव बारा फूट लांब, साडेचार फूट रुंद, आणि पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा. एवढा पातळ पत्रा ताठ राहतो तो या आडव्या बाकांमुळे. मधला काढला की प्रत्येक लाटेला दोन्ही बगला आत-बाहेर होणार आणि रिबिटं ढिली पडायला तिथूनच सुरुवात होणार. जाळ्यासाठी मी पुढं जागा केली आहे.

फोमचं मात्र नीट ऐका. तुमचा जन्मभराचा अनुभव लाकडाचा आहे. डोंगा पाण्यानं भरला, पालथा झाला तरी लाकूड तरंगतं. त्याला धरून राहायचं, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी शिकवलंत. अॅल्युमिनियमचं तसं नाही. ते पाण्याच्या २.७ पट जड. नाव रिकामी आहे तोवर कागदासारखी हलकी चालेल, पण काठावरून पाणी आत आलं की सरळ तळाला. तुमच्या हातात धरायला काही उरणार नाही. म्हणून फोम. एक घनफूट फोम साधारण २७ किलो वजन पाण्यावर तोलून धरतो. नावेचा पत्रा, बॅटरी, मोटर आणि बाजूला धरून लोंबकळणारी दोन माणसं, असा सगळा हिशेब मांडला तर तीन घनफूट पुरतात. मी आठ घातले आहेत. आणि सगळे तळात घातलेले नाहीत. फोम नुसता तळाशी असला तर भरलेली नाव पालथी होते, कारण तरंगणारं खाली आणि जड वर असं होतं. म्हणून बराचसा दोन्ही बाजूंना काठाच्या लगेच खाली, पट्ट्या ठोकून बसवला आहे. पाणी भरलं तरी नाव सुलटी राहील आणि तुम्हाला काठ धरता येईल. त्यातला एक तुकडाही काढायचा नाही, मग मासळी कितीही लागो.

आधीचा फोम बाकाखालून काढला तेव्हा हातानं दाबला तर त्यातून पाणी गळलं. वर्षानुवर्षं पाणी पिऊन तो ओझं होऊन बसला होता. आताचा बंद कप्प्यांचा आहे, पाणी पीत नाही.

गळती कशी शोधली ते तुम्हाला आवडेल. अंगणात नाव लाकडी घोड्यांवर चढवली आणि पाण्यात सोडायच्या ऐवजी पाणीच नावेत सोडलं, चार बोटं, जास्त नाही, नाहीतर वजनानं पत्रा वाकतो. मग खाली आडवं पडून बघायचं. जिथं थेंब धरला तिथं पेन्सिलनं गोल. नंतर पाणी काढून एकेक रिबिट पुन्हा आवळलं. ह्यांनी बाहेरून रिबिटाच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि मी आतून हातोडी मारायची. ढिलं रिबिट बद्द वाजतं, बसलं की ठोका खणखणीत येतो. आयटीआयमध्ये पोरांना मी हेच शिकवते, पण घरच्या नावेवर ठोकताना कान वेगळेच लागतात. जी अगदीच झिजली होती ती काढून इतवारीतल्या लोहाओळीतून नवीन आणली आणि सीलंटमध्ये बुडवून बसवली.

मागच्या फळीजवळ एक चीर होती, ती हिंगण्याच्या एमआयडीसीत आरगॉन वायूवर वेल्ड करून घेतली. पुढं कधी चीर गेली तर गावातल्या वेल्डरला हात लावू देऊ नका. तो लोखंडाच्या कामात तरबेज आहे, पण अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजाराच्या वर. साध्या रॉडनं पत्र्याला भोक पडतं, जोड बसत नाही. आणि बाबा, तांब्याची तार. तुम्ही घरात सगळं तांब्याच्या तारेनं बांधता. या नावेला ती कुठंच बांधायची नाही. ओल्यात तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम झिजत जातं, चाळणी होते.

तळाला चेकर्ड पत्रा टाकायचा विचार होता. पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय कोण ठेवेल? म्हणून मरीन प्लाय घेतला, सगळ्या कडांसकट इपॉक्सी पाजलं आणि वर फिकट रंगाची रबरी मॅट चिकटवली. पत्र्यावर वल्हं आपटलं की मासळी पळते, तेही थांबेल. दोन्ही काठांवर पाइप उभा चिरून चढवलाय. जाळं ओढताना पत्र्याच्या कडेला किंवा रिबिटाला अडकून फाटणार नाही. हे कुठल्याही गळवाल्याला सुचलं नसतं. मला तुमच्या हातातलं जाळं दिसत होतं म्हणून सुचलं.

बसायची जागा तुमच्या गुडघ्यांच्या मापानं केली आहे. मांडी घालायची गरज नाही, उकिडवं बसायची नाही, पाठ टेकता येते. पुढची फळी मात्र काठाच्या खालीच ठेवली. उंच फळीवर उभं राहून लांबचं दिसतं खरं, पण वजन वर गेलं की नाव डुलते. तुम्ही वाहत्या नदीत शिकलात. धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं आणि पुढं नदीचं तळं झालं. आता दुपारचा वारा सुटला की त्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात. तिथं उभं राहायचं नाही.

मोटर बॅटरीवरची आहे. लिथियमची बॅटरी महाग पडली, पण ती बारा-तेरा किलोचीच. इन्व्हर्टरची ट्युब्युलर घेतली असती तर पन्नासच्या वर, आणि ती घाटावरून रोज तुम्हीच उचलली असती. पूर्ण वेगात दीड-दोन तास जाईल, सावकाश चालवली तर कितीतरी जास्त. जलपर्णीत मोटर घालू नका, पात्यात गुंतते. तिथं वल्ही. आमच्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेत उतरतं आणि तुमच्याकडं ती जलपर्णी माजते, याचं मला इथं राहून वाईट वाटतं.

माणसं किती? लांबी गुणिले रुंदी भागिले पंधरा, सगळं फुटात, असा लहान नावांचा एक ढोबळ हिशेब आहे. आपल्या नावेला साडेतीनच्या जरा वर येतात, म्हणजे तीन. जाळं आणि मासळी असली की दोन. शेजारचे काका हसत हसत चढतील. त्यांना नाही म्हणणं तुम्हाला जमत नाही, म्हणून बाजूला रंगानं ठळक लिहून ठेवलंय.

रंगाचा शेवटचा हात राहिला आहे. सुकला की धाकटा टेम्पो घेऊन येईल. पहिल्या दिवशी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, मी असताना आपण ती मुद्दाम पाण्यानं भरून बघू. आई, तूही घाटावर ये. तुझ्या डोळ्यांनी बघ ती बुडते का ते.

आणि आई, बाबांच्या छातीचं माप टेपनं घेऊन कळव, बनियनवर घे. लाइफ जॅकेट त्या मापानं घ्यायचं आहे. सैल असलं तर पाण्यात गळ्याशी येतं. बाबा, ते घातल्याशिवाय बॅटरीची चावी आईकडून मिळणार नाही, असं आमचं दोघींचं ठरलं आहे.

तुमची,
मोठी