कडी लावू नकोस

छोट्या,

फोन करत नाही, लिहितोय. काल तू फोन कट केलास ते बरोबरच केलंस, "दोन वाक्यं बोलायची त्यात काय एवढं" हे मी बोलायलाच नको होतं, रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं. हे तुला हवं तेव्हा वाच, उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझ्या रूममेटने फोन केला होता. त्याच्यावर चिडू नकोस, घाबरला होता पोरगा. म्हणाला व्हायवाला तुझं नाव पुकारलं आणि तू उठून निघून गेलास, तेव्हापासून खोलीतच आहेस आणि तो लेक्चरला गेला की आतून कडी लावून घेतोस. व्हायवाचं मला काही नाही रे, तो परत देता येईल किंवा नाही येणार, बघू. पण कडी नको. दार लोटून ठेव हवं तर. आईला कडीचं सांगितलेलं नाही.

गुरुवारी हाफ डे टाकून एका काउन्सेलर बाईंकडे जाऊन आलो. तुझं नाव सांगितलं नाही, फक्त जे होतंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या हा लाजाळूपणा नाही, लाजाळू माणूस आधी बुजतो आणि मग रुळतो, सोशल अँग्झायटीत मात्र लोक आपल्याला तपासतायत, आता आपलं हसं होणार ही भीती सुटतच नाही, सहा-सहा महिने, वर्षानुवर्षं, आणि शिक्षण अडायला लागलं की त्यावर उपचार घ्यायचे असतात. बहुतेकांचं ८ ते १५ ह्या वयातच सुरू होतं म्हणाल्या. मी गप्पच झालो. आठवीत दर मंगळवारी तुझं पोट दुखायचं, आठवतं? मंगळवारी उभं राहून धडा वाचायचा तास असायचा हे मला कुठे माहीत, मी तुला पोटाच्या डॉक्टरांकडे नेत राहिलो. औषधं पण दिली त्यांनी आणि तू मुकाट्याने घेतलीस.

आणि एक सांगितलं त्या काउन्सेलर बाईंनी, ते जास्त लागलं. पाहुणे आले की "तो जरा शांत आहे" हे कोण सांगायचं, मीच. बँकेत, लायब्ररीत, अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर तू मागे आणि मी पुढे, तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचो. मला वाटायचं मी सांभाळतोय. बाई म्हणाल्या घरचे हे मायेपोटीच करतात, पण मग मुलाला कधी कळतच नाही की आपण स्वतः बोललो असतो तर काय झालं असतं. उठून निघून यावंसं वाटलं मला तिथून. बसलो तरी.

टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं ना, धडधड थांबते, तिथेच मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. शेवटचा बाक, मोबाईलमध्ये डोकं, बोलायच्या आधी वाक्य दहा वेळा मनात घोकणं, हेसुद्धा टाळणंच म्हणे, कारण तेव्हा सगळं लक्ष आपल्याच आवाजाकडे आणि आपल्याच हातांकडे असतं, समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. मग मी घरी येऊन वाचत बसलो. २००० साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, कॉलेजच्या मुलांना एका गायकाचा फोटो असलेला टीशर्ट घालायला लावला, त्यांना लाज वाटेल असाच, आणि मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज होता निम्म्या लोकांनी तरी तो फोटो ओळखला असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच ओळखला होता. म्हणजे कोणीच बघत नाही असं नाही म्हणत मी, बघतात, पण तुला वाटतं त्याच्या निम्मे.

ह्यावर सीबीटी म्हणून बोलून, विचार आणि सवयी हळूहळू बदलायचा उपचार आहे, त्यात भीतीच्या पायऱ्या करतात, सगळ्यात सोपी आधी, कोणाला तरी नुसतं किती वाजले विचारायचं इथपासून, आणि भीती असतानाच ते करायचं, ती जायची वाट बघायची नाही. गोळ्यापण असतात, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, त्या डॉक्टरांनी दिल्या तरच, मित्राकडची हात थरथरायचं थांबवणारी गोळी अजिबात घ्यायची नाही, आणि दारू प्यायली की बोलता येतं असं कोणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नकोस, कित्येक जण ह्याच वाटेने व्यसनात जातात, आणि रात्रीची जागरणं... बघ, लेक्चर सुरू झालं माझं. सॉरी. तुला हे सगळं माझ्याआधी माहीत असेल.

ह्या त्रासाला अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या यादीत स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० साली. नाना तेव्हा कॉलेजला होता. आम्ही त्याला माणूसघाणा म्हणायचो. मीपण म्हणायचो. तोसुद्धा आधी नुसती कडीच लावायचा.

तुझी आणि नानाची तुलना करत नाहीये. लिहिलं गेलं. पुसत नाही आता.

तुझा रूममेट आणखी एक म्हणाला, तुझा नंबर येईपर्यंत तू दोन तास त्या वऱ्हांड्यात बसला होतास. दोन तास, छोट्या. मी तेव्हापासून त्याच दोन तासांचा विचार करतोय, तू पळालास ह्याचा नाही. चिऊला तू भूमिती शिकवायचास तेव्हा मी बाहेर उभा राहून ऐकायचो, तिला नाही समजलं की न चिडता वेगळ्या बाजूने सांगायचास, इतकं नीट मला आजवर कोणी शिकवलेलं नाही. तो आवाज आहे तुझ्यात, मी ऐकलाय.

तुमच्या एचओडींना मी लांबलचक मेल लिहिला होता. पाठवला नाही, ड्राफ्टमध्ये पडून आहे. तू सांगितलंस तरच पाठवेन, नाहीतर नाही. कॉलेजच्या काउन्सेलरला मात्र तूच लिही, दोन ओळी, "मला भेटायचंय, फोनवर बोलणं जमत नाही" एवढं पुरे.

रविवारी येतोय. वर येणार नाही, खाली कोणाला तुझं नाव पण विचारणार नाही. गेटच्या आतल्या बाकावर सकाळी दहापासून बसेन, पेपर घेऊन येतोय, मला घाई नाही. यावंसं वाटलं तर ये, बोलायला पाहिजे असं काही नाही. नाही जमलं तर खिडकीचं एक दार उघडून ठेव, मला खालून दिसतं.

आणि आज रात्री झोपताना कडी काढ.

बाबा